यलोस्टोनमध्ये स्नोमोबिल हव्यातच कशाला?

रानवाट:
गेल्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या यलोस्टोनमध्ये, ओल्ड फेथफुल या गरम पाण्याच्या कारंज्यामागच्या जंगलात स्की करत होते. थंडी उणे अठरा. पाइनच्या फांदीवरून बर्फ घसरला तरी ऐकू येत होतं, इतकी शांतता. मग रस्त्याकडून घरघर सुरू झाली. सात-आठ स्नोमोबिल, म्हणजे बर्फावर पट्ट्याने धावणाऱ्या मोटारसायकलसारख्या गाड्या, आल्या आणि दोन मिनिटांत निघूनही गेल्या, पण आवाज मात्र डोंगराआड गेल्यावरही कितीतरी वेळ कानात घोंघावत राहिला. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झालं १८७२ साली, पहिल्या स्नोमोबिल आत आल्या १९६३ मध्ये. नव्वदच्या दशकात गर्दीच्या दिवशी हजारावर गाड्या शिरायच्या, त्याही बहुतेक टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून लुना किंवा जुनी चेतक चालवलेल्या कुणालाही तो निळा धूर आठवेल. अशा शेकडो गाड्या एका दारावर ओळीने उभ्या असल्या तर काय होत असेल? पश्चिम दारावरच्या रेंजरांना धुरापासून वाचण्यासाठी मास्क लावून तिकिटं फाडावी लागली. त्यांच्या टपरीत बाहेरून स्वच्छ हवा सोडायची सोय करावी लागली. ही गोष्ट राष्ट्रीय उद्यानातली आहे, हे पुन्हा वाचा.

नोव्हेंबर २००० मध्ये स्नोमोबिल टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं. उत्पादक कोर्टात गेले, नवं सरकार आलं, बंदी मागे पडली. डिसेंबर २००३ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायाधीशांनी ती परत आणली आणि दोनच महिन्यांत वायोमिंगच्या न्यायाधीशांनी ती अडवली. पुढे दिवसाला जास्तीत जास्त ७२० गाड्या, मग ५४०, मग ३१८ अशा मर्यादा येत गेल्या. माझं मत स्पष्ट आहे: २००० सालचा निर्णयच बरोबर होता. आत जायला स्नोकोच आहे, रुंद टायरांची किंवा पट्ट्यांची बस. माणसाला आत यायचा हक्क आहे, त्याच्या इंजिनाला नाही.

स्लेडवाला:
असहमत, आणि मनापासून असहमत.

मी मिनेसोटात राहतो, बारा हिवाळे स्लेड चालवतोय (स्नोमोबिलला आम्ही स्लेडच म्हणतो). आमच्या राज्याच्या उत्तर टोकाला रोझो नावाचं गाव आहे, स्नोमोबिल बनवणारी पोलारिस कंपनी तिथलीच. अशा गावांत स्लेड म्हणजे श्रीमंतांचं खेळणं नव्हे, हिवाळ्यात घर चालतं ते त्यावर. यलोस्टोनच्या दाराशी असलेलं वेस्ट यलोस्टोन जेमतेम दीड हजार वस्तीचं गाव आहे. २००० च्या निर्णयाने तिथल्या मोटेलवाल्यांच्या आणि गॅरेजवाल्यांच्या पोटावर पाय येणार होता.

रानवाटताई, तुम्ही ओल्ड फेथफुलला भर फेब्रुवारीत पोहोचलात कशा? स्नोकोचनेच ना? तोही पेट्रोल-डिझेल पितो आणि त्याच दाबून सपाट केलेल्या रस्त्यावरून जातो. उन्हाळ्यात तिथे लाखो मोटारी फिरतात, वर्षाला चाळीस लाखांच्या आसपास लोक येतात. हिवाळ्यातले त्यांच्यापुढे मूठभर. उन्हाळ्याच्या मोटारींवर बंदी आणा असं कुणी म्हणत नाही, कारण तेव्हा आपणच मोटारीत असतो.

शिवाय तुम्ही सांगितलेला धूर जुना झाला. २००४ नंतर आत फक्त कमी धूर आणि कमी आवाजाच्या गाड्या, बहुतेक फोर-स्ट्रोक, आणि सोबत वाटाड्या सक्तीचा.

रानवाट:
स्नोकोचनेच गेले, लपवत नाही. पण एका कोचमध्ये दहा-बारा माणसं बसतात आणि तो एकदाच येऊन जातो.

उन्हाळ्याचा मुद्दा मात्र अर्धाच खरा आहे. हिवाळ्यात तिथलं जनावर उपाशी असतं. बायसन, म्हणजे तिथला केसाळ रानगवा, डोकं डावी-उजवीकडे झाडत बर्फ बाजूला करतो, तेव्हा कुठे खालचं वाळकं गवत तोंडात येतं. अंगावरच्या चरबीवर मार्च गाठायचा असतो. गाडीला बिचकून तो पन्नास पावलं पळाला, तर ती ताकद त्याला कुणी परत देत नाही. २००२ च्या एका अभ्यासात एल्क (तिथलं मोठं हरीण) आणि लांडग्यांच्या विष्ठेतली तणावाची संप्रेरकं तपासली होती. स्नोमोबिलची वर्दळ वाढली की तीही वाढलेली दिसली.

देवराई:
वन्यजीवशास्त्र शिकते, म्हणून दोन्ही बाजूंना थोडं टोचणार आहे.

रानवाट, त्याच अभ्यासात पुढे असंही आहे की तेवढ्या वर्दळीने एल्कची किंवा लांडग्यांची संख्या घटल्याचा पुरावा मिळाला नाही. अर्धं वाक्य सांगून थांबलं की समोरचा उरलेल्या अर्ध्यावर बोट ठेवतो. बायसनचंही तसंच. १९९६-९७ च्या कडक हिवाळ्यात उद्यानाबाहेर पडलेले हजाराहून जास्त बायसन मारले गेले. तेव्हा यावरून उद्यान खात्यावर खटला भरणाऱ्यांचं म्हणणं होतं की दाबलेल्या रस्त्यांमुळेच ते बाहेर गेले. नंतरच्या निरीक्षणांत दिसलं, ते मुख्यतः नद्या-ओढ्यांच्या काठाने चालतात, रस्ता मिळाला तर वापरतात, एवढंच.

माझ्या मते खरा प्रश्न उद्यानात नाहीच, बाहेरच्या राष्ट्रीय वनांत आहे. सार्वजनिक जमिनीवर रस्ता सोडून वाहन कुठे चालेल हे सरकारने ठरवावं, माती, झाडं, जनावरं आणि इतर लोकांना त्रास कमीत कमी व्हावा, हा आदेश राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७२ मध्ये काढला. वनखात्याने २००५ च्या नियमात जीप-मोटारसायकलींच्या वाटा ठरवणं सक्तीचं केलं, पण बर्फावरच्या गाड्यांना त्यातून वगळलं. आयडाहोच्या कोर्टाने हे चूक ठरवलं, मग २०१५ मध्ये नियम सुधारला. तरी बर्फावरची गाडी कुठे चालेल याचे कित्येक वनांचे नकाशे अजून व्हायचेच आहेत.

आणि यंत्रं दरम्यान कुठल्या कुठे गेली. पूर्वी सैल बर्फात गाडी रुतायची, म्हणून उंच खोरी आपोआप राखली जायची. आताची हलकी, लांब पट्ट्याची गाडी सरळ कड्याखाली चढते. वोल्वरीन या अस्वलासारख्या दिसणाऱ्या छोट्या शिकारी प्राण्याची मादी तिथेच फेब्रुवारी-मार्चमध्ये खोल बर्फात बीळ करून पिल्लं घालते. नोव्हेंबर २०२३ मध्ये या प्राण्याची नोंद संकटग्रस्तांच्या यादीत झाली. खालच्या थरातही जग आहे: बर्फ आणि जमीन यांच्यामधल्या पोकळीत उंदरासारखे व्होल हिवाळा काढतात. बर्फ दाबला की पोकळी मोडते आणि गारठा जमिनीपर्यंत उतरतो.

स्लेडवाला:
देवराई, वोल्वरीनचं पटलं. जिथे पाटी लावून बंद केलंय तिथे मी पाय ठेवत नाही, आणि जो ठेवतो त्याला दंड व्हावा, हेच म्हणेन.

पण आम्हाला सरसकट नासधूस करणारे ठरवू नका. आमच्या क्लबचे लोक रात्री दोन वाजता उठून वाटा सपाट करतात, खर्च आमच्या नोंदणी शुल्कातून निघतो. हरवलेल्या स्कीवाल्याला शोधायलाही पहिली स्लेडच जाते. आणि रानं जशीच्या तशी ठेवायच्या १९६४ च्या कायद्याने राखलेल्या अकरा कोटी एकरांवर इंजिन आधीच बंद आहे. अजून किती?

रानवाट:
त्या अकरा कोटींतलं निम्म्याहून जास्त अलास्कात आहे, आणि तिथे पारंपरिक कामांसाठी स्नोमोबिलला १९८० च्या कायद्याने मुभा आहे. यलोस्टोनशेजारच्या मोंटाना-आयडाहो राज्यांतल्या माणसाला तो आकडा कामाचा नाही.

गुडघेदुखी:
दोघांच्या मध्ये पडते. मी माथेरानची. आमच्याकडे दस्तुरीपुढे मोटार नाही, आणि ते किती सुखाचं आहे हे तिथे राहणाऱ्याला विचारा. पण माझ्या आईचे गुडघे गेल्यावर तिला घरी न्यायला माणसाने ओढायच्या रिक्षेशिवाय काही नव्हतं. चढावर त्या माणसाचा श्वास ऐकून ती पदरात तोंड लपवून बसायची. पुढे ई-रिक्षा आली तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी मोकळा श्वास घेतला. इंजिन नको म्हणताना त्याची किंमत कोण मोजतं, तेही बघा. स्की करायला धडधाकट पाय लागतात, रानवाट.

रानवाट:
ताई, तुमच्या आईचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. "माणसाला हक्क आहे, इंजिनाला नाही" हे मी फार सहज लिहून गेले.

यलोस्टोनपुरती माझी भूमिका बदलते. २०१३ च्या नियमात गाड्यांऐवजी खेपा मोजतात (स्नोमोबिलचा एक गट किंवा स्नोकोच म्हणजे एक खेप): दिवसाला ११० पर्यंत, त्यात स्नोमोबिलच्या जास्तीत जास्त ५०, आणि एका गटात दहाच्या वर गाड्या नाहीत. गट एकत्र गेला की मधला वेळ शांत राहतो. हे मला मान्य आहे. आकडा वाढवायची मागणी आली तर मात्र विरोध करणार.

बाहेरच्या वनांबद्दल एक इंचही मागे हटत नाही. आमच्या भागातल्या वनाचा हिवाळी नकाशा ठरताना लोकांची मतं मागवतील तेव्हा पत्र देणार आहे: वरची खोरी फेब्रुवारी ते मेअखेर बंद.

स्लेडवाला:
मसुदा इथे टाका. मेअखेर नको, १५ मे म्हणा, तर मीही सही करतो.

देवराई:
पिल्लं कधी बाहेर पडतात त्यावर तारीख ठरू दे, सहीवर नको.