मदत हवी आहे: लेकीला 'टर्मिनेटर २' दाखवायचाय, आधी पहिला भाग दाखवू का?

नमस्कार मंडळी,

(सिनेमा पाहिला नसेल तर पुढे वाचू नका, रहस्यभेद आहे.)

लेक १३ वर्षांची आहे. सहामाही संपली की दिवाळीच्या सुट्टीत तिला 'टर्मिनेटर २' दाखवायचाय. तिला त्यातलं काहीच माहीत नाही आणि ते तसंच राहावं म्हणून घरात सगळ्यांना दटावून ठेवलंय. परवा जेवताना धाकटे दीर बोलून जाणारच होते, मी वेळेवर विषय बदलला.

१९९१च्या या सिनेमात सुरुवातीचा बराच वेळ कळतच नाही, की भविष्यातून आलेल्या दोन यंत्रमानवांपैकी जॉन नावाच्या पोराला मारायला कोण आलंय आणि वाचवायला कोण. मग मॉलच्या मागचा तो बोळ. एका टोकाला अर्नोल्ड श्वार्झनेगर, गुलाबांच्या खोक्यातून बंदूक काढतो, फुलं बुटाखाली चिरडली जातात. दुसऱ्या टोकाला पोलिसाच्या वेशातला रॉबर्ट पॅट्रिक. मध्ये पोरगा. अर्नोल्ड बंदूक रोखतो आणि त्याला 'खाली हो' म्हणतो! पोलिसाच्या छातीवर चंदेरी भोकं पडतात आणि बघता बघता भरून येतात. आम्ही भावंडांनी भाड्याच्या कॅसेटवर पाहिला होता. पहिला भाग आधीच पाहिलेला, त्यामुळे अर्नोल्ड म्हणजे खलनायक हे डोक्यात पक्कं. त्या क्षणी तिघंही ओरडलो होतो.

लेकीला तो धक्का तसाच बसावा असं वाटत असेल तर १९८४चा भाग आधी दाखवायला हवा. पण तो जास्त काळोखा आहे, त्यात एक प्रणयदृश्य आहे, आणि शेवटी चालत येणारा सांगाडा आजच्या मुलांना खोटा वाटेल. ती तिथेच कंटाळली तर दुसऱ्याला बसायचीच नाही.

दुसरा प्रश्न आवृत्तीचा. थिएटरची १३७ मिनिटांची की जवळपास १५ मिनिटं जास्तीची? मोठीत अर्नोल्डच्या डोक्यातली चिप काढायचा प्रसंग आहे. जॉनची आई सारा ती फोडायला हातोडा उचलते, जॉन अडवतो. त्या दोघांचं नातं मला तिथेच खरं उमगलं. (हा प्रसंग आरशासमोर घडताना दिसतो, पण तिथे आरसा नाहीच, भिंतीत चौकट आहे. अलीकडे अर्नोल्डचा पुतळा आणि सारा झालेल्या लिंडा हॅमिल्टनची जुळी बहीण, पलीकडे खरे दोघे.) माझा कल मोठीकडे आहे, पण पहिल्यांदा बघणाऱ्याला ती रेंगाळते का?

आणि भीतीचं काय? दुधाच्या खोक्यातून आरपार जाणारं ते पातं आणि साराचं अणुस्फोटाचं स्वप्न, कुंपणाची जाळी धरून ओरडतानाचं. अमेरिकेत याला 'आर' प्रमाणपत्र होतं, म्हणजे १७ वर्षांखालच्यांना मोठ्यांसोबतच प्रवेश. एवढ्या वयाच्या मुलांना कुणी दाखवलाय का? रात्री झोप लागली का त्यांना?

पुढचे भाग कृपया सुचवू नका. माझ्यासाठी ही गोष्ट पोलादाच्या कारखान्यात संपते, तिथे मी आजही रडते.

बाकी सगळी मतं हवीत, अगदी 'दोन वर्षं थांब' हेसुद्धा.