मदत हवी आहे: म्हशीचं दूध आणि कारखान्याचं पाणी

नमस्कार मंडळी, मी खानापूरची, बी.ए. अर्थशास्त्र. नोट्स सगळ्या इंग्रजी नाहीतर कन्नडमध्ये, म्हणून इथं विचारतेय.

अर्थशास्त्रज्ञ अकरलॉफचा (१९७०) मुद्दा कळला: एकाच बाजूला जास्त माहिती असली की बाजार बिघडतो. म्हैस खरं किती दूध देते हे विकणाऱ्यालाच ठाऊक, म्हणून घेणारा सरासरी भाव देतो आणि चांगल्या म्हशीचा मालक बाजारात येतच नाही. (धार काढून बघितल्याशिवाय आमच्याकडं कुणी पैसे मोजत नाही. हेच स्टिग्लिट्झचं 'स्क्रीनिंग', म्हणजे कमी माहिती असलेल्यानं ती काढून घेणं, ना?)

अडतंय पुढं. साखर कारखान्याचं सांडपाणी नदीत गेलं तर नुकसान खालच्या गावांचं, साखरेच्या भावात ते दिसत नाही, म्हणजे बाह्यता. पण पाण्यात काय सोडलं हे कारखान्यालाच माहीत असेल, तर पिगूचा कर (नुकसान करणाऱ्यावर नुकसानाएवढा कर) बसवायचा कशावर? आणि कोसची वाटाघाट (दोन्ही बाजूंनी आपसांत सौदा करून प्रश्न मिटवणं) एवढ्या गावांची जमणार कशी? उत्तरात बाजाराची ही दोन्ही अपयशं (एकाच बाजूला माहिती आणि बाह्यता) एकत्र लिहिली तर चालेल का?