बोटीवर पंप, लाइट, फिशफाइंडर : फ्यूज किती अँपिअरचा घालू?

हिडकलकाठ
नमस्कार मंडळी. हिडकल धरणाच्या बॅकवॉटरला आमची सोळा फुटी फायबरची बोट आहे. वेंगुर्ल्याहून जुनी घेतली, आंबोली-आजरा-गडहिंग्लज करत टेम्पोत घालून आणली. १२ व्होल्टची ७५ एएच बॅटरी ठेवलीय. त्यावर पाणी उपसायचा पंप (४ अँपिअर), १८ वॅटचे दोन एलईडी, फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र) आणि मोबाइल चार्जर चालवायचाय. पुतण्यानं सगळ्या तारा एकत्र पिळून टेप मारली आणि सगळ्यांना मिळून एकच हिरवा फ्यूज घातला, तोही पार पुढं स्टिअरिंगपाशी. परवा रात्री जाळी काढताना जळका वास आला. टेप मऊ होऊन ओघळलेली, फ्यूज मात्र शाबूत. दुकानदाराला विचारलं तर ‘नडीतैती’ (कानडीत ‘चालतंय’) म्हणतो. मला काही हे चालतंय असं वाटत नाही.

निपाणीचा जुना वायरमन
हिरवा म्हणजे ३० चा. वायर किती स्क्वेअरची, म्हणजे किती जाड आहे ते सांगितलं नाही तुम्ही, पण टेप ओघळली म्हणजे सांधा ढिला. ढिला सांधा तापतो, पण करंट वाढत नाही, मग फ्यूज कशाला उडतोय? तिथं फ्यूज बदलून उपयोग नाही, थिंबल (तारेच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) लावून नीट क्रिंप करा, म्हणजे पक्कडीनं घट्ट दाबा.

आता फ्यूज. तो वायर वाचवायला असतो, म्हणून आकडा वायरवरून धरायचा. १ स्क्वेअर एमएमला १०, दीडला १५, अडीचला २०, चारला ३०. याच्या वर जायचं नाही, खाली चालतंय. आणि जागा बॅटरीजवळ. बोटींसाठीचा अमेरिकेतला दंडक सात इंचांच्या आतचा आहे. तुमचा फ्यूज पुढं, म्हणजे बॅटरीपासून तिथपर्यंतची वायर उघड्यावरच की. मधे कुठं घासून निगेटिव्हला टेकली तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतणार, आणि फ्यूज पुढं बसून बघत राहणार.

चिकोडीचा ट्रॅक्टरवाला
एवढा कुटाणा कशाला वो काका? मी दहा वर्षं ट्रॅक्टरला घरातली दीडची वायर वापरतोय. निगेटिव्ह बॉडीला मारायचा, विषय संपला.

निपाणीचा जुना वायरमन
मर्दा, ट्रॅक्टरची बॉडी लोखंडाची. फायबरच्या बोटीत निगेटिव्ह मारणार कुठं, पाण्यात? प्रत्येक वस्तूला परतीची वायर हवी, सगळ्या एका बसबारवर (धातूच्या जोडपट्टीवर) आणायच्या आणि तिथून एक जाड वायर बॅटरीला. फ्यूज पॉझिटिव्हलाच.

खाडीवाला, सध्या बेळगाव
वेंगुर्ल्याची बोट म्हटल्यावर एक सांगतो. खाऱ्या हवेत तांब्याची तार सालीच्या आत काळी पडत जाते. टोक कापून बघा, लखलखीत दिसत नसेल तर ती वायर अख्खी काढून टाका, तिच्यावर सांधे मारत बसू नका. कल्हई केलेली वायर लागते. त्यासाठी कोकणात उतरायला नको, सोलरच्या दुकानात चार स्क्वेअरची डीसी केबल मागा. ती कल्हईचीच असते आणि लवचीकही. सांध्यावर आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब (तापवली की आवळून बसणारी नळी) चढवा. टेपचं काय होतं ते तुम्ही बघितलंच आहे.

फ्यूज बॉक्स जीपच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो, सहा खणांचा पुरे. मी असा भरला असता: मेनला २०, दोन्ही लाइटना मिळून ५ (३६ वॅट म्हणजे ३ अँपिअर), फिशफाइंडरला ३, चार्जरला ५. पंपाची गोष्ट वेगळी. त्यात जलपर्णीचं मूळ अडकलं की मोटर जाम होते नि करंट चढतो. वायरला सोसेल म्हणून मोठा फ्यूज ठेवलात तर मोटर जळेल. पंपाच्या कागदावर जो आकडा असेल तोच घाला. पंपाची लाइन मेन स्विचला वळसा घालून थेट बॅटरीवर घ्या, स्वतःच्या फ्यूजसह, आणि फ्लोट स्विच (पाणी चढलं की पंप आपोआप चालू करणारा) बसवा. जुलैच्या पावसात बोट रात्रभर बांधलेली असते, तेव्हा मेन बंद आणि पंप जागा असला पाहिजे.

हिडकलकाठ
रविवार त्यातच गेला. जुनी वायर टोकाला काळी, हातभर मागं कापली तरी काळी, मग मधोमध कापली. तिथंही कोळसा. सगळी उपसून काढली. सोलरची केबल टाकली, फ्यूज बॉक्स बॅटरीच्या डब्याबाहेर लगेच शेजारी बसवला (चार्जिंगला बॅटरीतून गॅस सुटतो म्हणून आत नको म्हटलं). पंपाच्या कागदावर साडेसात होता, तो घातला. पंप चालू ठेवून मीटर लावला : बॅटरीवर १२.५, पंपाच्या टोकावर १२.३. आधी तिथं १०.९ मिळत होते, आणि आम्ही पंपालाच शिव्या घालत होतो. चार्जरला तेवढी जुनी दीडची उरलेली वायर घरून आणून लावलीय, ५ चा फ्यूज आहे. चालेल का?

निपाणीचा जुना वायरमन
चालेल, पण आधी साल काढून तार खरवडून बघा. आत पांढरं दिसलं तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, फेकून द्या. आणि सगळं चालू ठेवून अर्ध्या तासानं एकेका सांध्याला हात लावा. कोमट लागला तरी कापून नवीन थिंबल मारा.