अनसूया की अनुसया?

प्रश्न: मुलीचं नाव पणजीवरून ठेवायचं आहे. जुन्या कागदांवर 'अनुसया', पत्रिकेत 'अनसूया'. खरं कोणतं? अर्थ काय?

शब्दवेडा: अनसूया. अन् + असूया, नञ् बहुव्रीही, म्हणजे 'जिच्यात अमुक नाही ती' असा नकारार्थी समास. पुढे स्वर आला की नकारार्थी 'अ'चा 'अन्' होतो, जसं अनादर, अनंत. असूया म्हणजे नुसता मत्सर नव्हे, दुसऱ्याच्या गुणातही दोष काढणं. ती वृत्ती जिच्यात नाही ती अनसूया. 'अनु' हा उपसर्ग इथे नाहीच. 'अनुसया' हे बोलण्यातलं रूप. चुकीचं म्हणून हिणवू नये, पण त्यातून व्युत्पत्ती लागत नाही.

माहूरकर: अत्रिऋषींची पत्नी, दत्तात्रेयांची आई. माहूरला दत्तशिखराजवळच अनसूयेचं शिखर आहे. 'शाकुंतला'तल्या शकुंतलेच्या सखीचंही नाव हेच.

कागदपत्री: न साधा, सू दीर्घ. जन्मनोंदणीत नाव १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येतं. सही करण्याआधी देवनागरी आणि रोमन, दोन्ही नोंदी अक्षर न् अक्षर तपासा. रोमनमध्ये 'न'पुढे 'यू' घुसला की तीच चूक आधारवर जाते, मग शाळेच्या दाखल्यावर.

प्रश्नकर्ती: आणि नावरस?

माहूरकर: 'अ' म्हणजे कृत्तिका, पहिलं चरण, मेष रास. जुळत नसेल तर पत्रिकेत वेगळं नाव ठेवा, हाक अनूच मारा.