क्षेत्रकार्याचे तास ऑनलाइन भरून घ्यायचे का?

रिकामी खुर्ची:
आमच्या समाजकार्य विभागात सध्या हा एकच विषय चघळला जातोय: विद्यार्थ्यांनी संस्थेत, वस्तीत जाऊन करायचं प्रत्यक्ष काम, म्हणजे क्षेत्रकार्य, ऑनलाइन चालेल का? माझं मत सरळ आहे. थिअरी, कायदे, संशोधनपद्धती खुशाल मूडलसारख्या ऑनलाइन वर्गात शिकवा, क्षेत्रकार्याला हात लावू नका.

मागे एका विद्यार्थिनीने व्हिडिओ कॉलवर मुलाखत घेतली. समोरच्या बाई प्रत्येक प्रश्नाला ‘ठीक आहे, सगळं ठीक आहे’ म्हणत होत्या. हिने अहवालात लिहिलं, ‘क्लायंट सहकार्य करतात, घरात ताण जाणवत नाही.’ पुढच्या आठवड्यात गृहभेटीला गेली तेव्हा उलगडा झाला. कॉल चालू असताना नवरा शेजारीच बसून होता. बाई उत्तर देण्याआधी दर वेळी डावीकडे बघायच्या आणि आमच्या पोरीला वाटायचं, नेट अडकतंय.

उलटतपासणी:
मग चूक स्क्रीनची की आपली? ‘आत्ता मोकळेपणी बोलता येईल का? नसेल तर नुसतं हो-नाही म्हणा’ हा पहिला प्रश्न तिला कुणी शिकवलाच नव्हता. समुपदेशन फोनवर आणि व्हिडिओवर होतंय, ते थांबणार नाही. म्हणजे हेही शिकवायलाच हवं.

आता माझा अनुभव. आम्ही रोल-प्ले रेकॉर्ड करतो. एका सहकारिणीने क्लायंटची भूमिका केली, एका विद्यार्थ्याने समाजकार्यकर्त्याची. ‘आई गेली त्या दिवशी मी...’ एवढं बोलून ती थांबली. तीन सेकंद गेले असतील, लगेच त्या विद्यार्थ्याचा प्रश्न, ‘घरी आणखी कोण कोण असतं?’ तेवढाच तुकडा त्याला परत परत दाखवला. चौथ्या वेळी तो स्वतःच म्हणाला, ‘सर, मला ती शांतता झेपली नाही.’ प्रोसेस रेकॉर्डिंगमध्ये, म्हणजे भेटीनंतर लिहायच्या संवादाच्या अहवालात, हे कधीच सापडत नाही. मुलं आठवून लिहितात आणि लिहिताना स्वतःला शहाणं करून घेतात.

रिकामी खुर्ची:
अहो, शहाणं करून घेतात तेच तर वाचायचं असतं! काय गाळलं, कुठे स्वतःच्या तोंडी न बोललेलं वाक्य घातलं, यावरच अर्धं पर्यवेक्षण चालतं. कॅमेऱ्याने सगळं पकडलं की विद्यार्थी स्वतः काय लपवतोय ते दिसायचंच बंद होतं.

उलटतपासणी:
दोन्ही घ्या की. आधी लिहू द्या, मग रेकॉर्डिंग दाखवा. मधली तफावत हाच धडा.

रात्रपाळी:
मी नोकरी सांभाळून ऑनलाइन एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, केलं. रेकॉर्ड केलेली व्याख्यानं नसती तर मी या क्षेत्रात आलेच नसते, त्यामुळे ‘ऑनलाइनवाले कच्चे’ हा सूर ऐकला की डोकं फिरतं. पण खरं सांगायचं तर संस्थेत पहिले दोन आठवडे मी नुसती बाकावर बसून होते. कुणी येऊन काहीबाही विचारायचं, कुणी रागावून निघून जायचं. ते कुठल्याच मॉड्यूलमध्ये नव्हतं.

हिशेबनीस:
थोडी आकडेमोड. अमेरिकेच्या कौन्सिल ऑन सोशल वर्क एज्युकेशनने २००८ च्या निकषांत क्षेत्रशिक्षण हीच या विषयाची खास ओळख असलेली अध्यापनपद्धती मानली. पदवीला किमान ४०० तास, पदव्युत्तरला ९००. वर्ग ऑनलाइन असले तरी तास तेवढेच. २०२० मध्ये महामारी आली तेव्हा ८५ टक्के तास पुरे, म्हणजे ३४० आणि ७६५, आणि दूरस्थ काम धरलं तरी चालेल, अशी सवलत दिली. पण ती संकटकाळची सोय होती. तिचा दाखला देऊन कायमचा नियम करू पाहणाऱ्यांनी हे विसरू नये.

कुलूप:
तुम्ही सगळे कौशल्यावर भांडताय, गोपनीयतेचं काय? एका ठिकाणी विद्यार्थ्यांचे अहवाल सामायिक फोल्डरमध्ये होते. नावं बदललेली, पण वस्ती, वय, मुलं किती, आजार कोणता, सगळं जसंच्या तसं. लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला उघडत होती. त्या वस्तीतल्या कुणीही दोन ओळींत माणूस ओळखला असता. कपाटातली फाइल निदान कपाटात तरी राहते.

उलटतपासणी:
मान्य. आमच्याकडे म्हणूनच खऱ्या क्लायंटचं रेकॉर्डिंग करत नाही, फक्त रोल-प्लेचं.

रिकामी खुर्ची:
मग माझी एवढीच अट. गृहभेटीच्या आधी हवे तितके रोल-प्ले करून घ्या, पण ते क्षेत्रकार्याच्या तासांत धरू नका.

उलटतपासणी:
तास धरले नाहीत तर करणार कोण? आपली पोरं तासांच्या हिशेबानेच चालतात, आणि त्यांना ती सवय आपणच लावली आहे.

रिकामी खुर्ची:
तेही खरंच. बरं, तो शांतता न झेपलेला मुलगा, प्रत्यक्ष भेटीत थांबला का?

उलटतपासणी:
नाही थांबला. पहिल्याच भेटीत परत तेच. फक्त बाहेर पडल्या पडल्या त्याचा मला फोन आला, ‘सर, आज पण घाई केली.’