टाइम झोन आपोआप बदलण्यासाठी लोकेशनही चालू हवे

विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग्जच्या नोंदवहीत) टाइम झोन आपोआप बदलणाऱ्या 'टीझेड-ऑटो-अपडेट' सेवेची 'स्टार्ट' किंमत 4 (बंद) वरून 3 (गरजेनुसार चालू) केली, तरी ऑटोपायलटने (नवे संगणक आपोआप तयार करणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सोयीने) उभे केलेले लॅपटॉप अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची पॅसिफिक वेळच दाखवतात, या अडचणीचे मूळ माझ्या मते लोकेशन सेवेत आहे. 'टीझेड-ऑटो-अपडेट' सेवा संगणक कुठे आहे हे स्वतः शोधत नाही. ते तिला विंडोजची लोकेशन सेवा सांगते आणि पहिल्या सेटअपमध्ये गोपनीयतेच्या पर्यायांचा स्क्रीन लपवला असेल, तर लोकेशन मुळातच बंद राहते. म्हणून लोकेशनची परवानगी इंट्यूनमधून (कंपनीचे संगणक दुरून सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सेवेतून) आधी द्यावी आणि मगच ती किंमत बदलावी.

आमच्याकडे हिवाळ्यात पुण्यात सकाळचे 10 वाजलेले असताना नव्या लॅपटॉपवर आदल्या रात्रीचे 8:30 दिसत होते, आणि तरीही लॉगिन बिनतक्रार होत होते. लॉगिनची ओळख तपासणाऱ्या कर्बेरॉसची घड्याळांतील फरकासाठीची 5 मिनिटांची मर्यादा यूटीसीवर (जगभर समान असलेल्या प्रमाणवेळेवर) मोजली जाते, त्यामुळे झोन चुकला तरी ती मोडत नाही. गोंधळ होतो तो कॅलेंडरमध्ये आणि फाइलींवर दिसणाऱ्या वेळांमध्ये.

जी यंत्रे कार्यालयातून हलतच नाहीत, त्यांना मात्र 'कॉन्फिगर टाइम झोन' या धोरणाने 'इंडिया स्टँडर्ड टाइम' कायमचा द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. व्हीपीएनचा (कंपनीच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या सुरक्षित जोडणीचा) मार्ग परदेशातून जात असेल आणि जवळपास ओळखीचे वायफाय नसेल, तर इंटरनेटच्या आयपी पत्त्यावरून काढलेले ठिकाण सपशेल चुकू शकते. फिरतीवरच्या सहकाऱ्यांना टाइम झोन हाताने बदलण्याचा अधिकारही जरूर ठेवावा.