फ्लॅटमध्ये दोन सायकली ठेवायच्यात: भिंतीचा हूक, उभा खांब की जमिनीवरचा स्टँड?

हायब्रिड_चौथामजला

पुण्यात स्वतःचा फ्लॅट, चौथा मजला. सायकली दोन. एक हायब्रिड: ७०० x ३८ टायर, हँडल ६६० मिमी, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, वजन साडेतेरा किलो. दुसरी आईची लेडीज फ्रेमची: पुढे बास्केट, मागे कॅरिअर, दोन्ही चाकांना मडगार्ड, साधे रिम ब्रेक, वजन १७ किलोच्या आसपास. ती रोज बाहेर निघते, हायब्रिड आठवड्यातून दोन-तीनदा.

जागा दोनच आहेत. दारापासून आत येणारा पॅसेज, रुंदी १०५ सेंमी. आणि हॉलचा खिडकीजवळचा कोपरा. बाल्कनीत पावसाचं पाणी थेट येतं, म्हणून ती नको. आतल्या भिंती पांढऱ्या हलक्या ब्लॉकच्या, १० सेंमी जाड, वर जिप्सम प्लास्टर. हॉलच्या छताला कडेने फॉल्स सीलिंग आहे. ऑनलाइन सगळे हूक ‘३० किलो क्षमता’ म्हणून विकतात. ते या भिंतीवर टिकतील का? आणि आडवी टांगायची की उभी?

गिलावा_आणि_बोल्ट

हूकवर छापलेले ३० किलो हे लोखंडाचं बळ झालं. सायकल पडते तेव्हा लोखंड सहसा शाबूत असतं, भिंतीतून प्लग (भोकात ठोकलेली, स्क्रू धरणारी नळी) उपटून येतो. त्यामुळे आधी भिंत, मग स्टँड.

आडव्या ब्रॅकेटचं गणित करून बघा. सायकल भिंतीपासून साधारण ३५ सेंमी बाहेर लटकते. ब्रॅकेटच्या प्लेटवर वरच्या आणि खालच्या बोल्टमध्ये १० सेंमी अंतर असेल, तर साडेतेरा किलोच्या सायकलीमुळे वरच्या बोल्टांवर बाहेरच्या दिशेने जवळजवळ ४७ किलोची ओढ बसते. सायकल काढताना-ठेवताना बसणारा झटका वेगळाच. उभ्या हूकमध्ये चाक भिंतीपासून १०-१२ सेंमीवर अडकतं आणि खालचं चाक भिंतीला टेकून राहतं, त्यामुळे तीच ओढ २० किलोच्या आसपास येते. प्लेट उंच असलेला ब्रॅकेट का घ्यायचा तेही यातच आलं: बोल्टमधलं अंतर दुप्पट केलं की ओढ निम्मी होते.

तुमची भिंत एएसी ब्लॉकची आहे, म्हणजे आत हवेची बारीक छिद्रं असलेल्या हलक्या सिमेंट ब्लॉकची. ड्रिलमधून पांढरी-राखाडी भुकटी अलगद बाहेर आली तर एएसी, लाल आली तर वीट, आणि ड्रिल पुढेच सरकेना तर काँक्रीट. एएसीत लोखंडी अँकर फास्टनर अजिबात वापरू नका. तो आत फुगून धरतो, आणि हा ब्लॉक इतका ठिसूळ की फुगताना आतून भुगा होतो. घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण काही दिवसांत हलायला लागतो. एएसीसाठी वेगळे लांब नायलॉन प्लग मिळतात, बाहेरून पंख किंवा आटे असलेले. हार्डवेअरच्या दुकानात ‘ब्लॉकच्या भिंतीचे’ असं सांगून मागा. भोक पाडताना हॅमर बंद, नुसतं फिरवून. १० मिमीच्या प्लगला आधी ९ मिमीचं भोक पाडा, म्हणजे प्लग ठोकून घट्ट जातो. खोली मोजताना प्लास्टरची जाडी धरू नका, प्लग पूर्ण ब्लॉकमध्येच गेला पाहिजे. आणि भिंत १० सेंमीची आहे, तेव्हा ड्रिलच्या पात्याला ७ सेंमीवर टेप गुंडाळा, नाहीतर पलीकडच्या खोलीत पापुद्रा उडतो.

याहून चांगला उपाय म्हणजे हूक थेट भिंतीवर न लावता आधी १९ मिमी मरीन प्लायची फळी लावायची. सहा प्लगवर फळी, फळीवर हूक. ओढ सहा ठिकाणी वाटली जाते, आणि हूक थोडा सरकवायचा झाला तर भिंतीला नवं भोक लागत नाही. भिंतीच्या पलीकडे कपाट असेल तर आरपार बोल्ट आणि मागे मोठा वॉशर, यापेक्षा पक्कं काही नाही.

स्विचबोर्डाच्या सरळ वर आणि खाली ड्रिल लावू नका, वायरचे पाइप तिथूनच जातात. बाथरूमच्या पाठची भिंत तर सोडूनच द्या.

आरसीसीचा (सळई घातलेल्या काँक्रीटचा) कॉलम कुठे येतो ते बघाल का? तिथे ८ मिमीच्या बोल्टचा अँकर फास्टनर लावला की बाकी काही करायची गरज नाही.

पाना_पंधरा

वरचं सगळं बरोबर. जागेचं मी सांगतो, कारण तुमचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

पॅसेज बाद. उभी टांगलेली सायकल भिंतीपासून हँडलच्या उंचीइतकी बाहेर येते, म्हणजे १०० ते ११० सेंमी. तुमची रुंदीच १०५. आडवी लावली तर हँडलच्या पूर्ण रुंदीइतकी, ६६ सेंमी अधिक थोडी फट. उरतात ३५ सेंमी. त्यातून पाण्याची बादली घेऊनही जाता येणार नाही. भिंतीकडे वळणारे हूक मिळतात, त्याने सायकल दाबून ४० सेंमीच्या आसपास येते, पण मग तिथल्या १० सेंमी भिंतीवर सततचा पीळ बसतो. शिवाय दाराकडे पळायची वाट तीच. तिथे काही अडकवू नये हे माझं ठाम मत आहे. जिन्यात किंवा बाहेरच्या सामाईक पॅसेजमध्ये ठेवायचा विचारही करू नका, आगीच्या वेळी ती सगळ्या मजल्याची वाट असते.

म्हणजे हॉलचा कोपरा. आडव्या ब्रॅकेटचे स्वस्त हात २५-३० सेंमीचे असतात. तुमच्या हँडलचा निम्मा भाग ३३ सेंमी. हात त्याहून आखूड असला की हँडल भिंतीला लागतं आणि सायकल तिरकी लटकते. ३६ सेंमीच्या खालचा ब्रॅकेट घेऊ नका. जागा वाचवायची तर उभा हूक.

हूकची उंची छापील मापावरून ठरवू नका. सायकल मागच्या चाकावर भिंतीला टेकवून सरळ उभी करा, पुढच्या रिमची सगळ्यात वरची आतली कड जमिनीपासून मोजा, त्यात ३ ते ५ सेंमी मिळवा. एवढंच. टांगताना मागचा ब्रेक दाबून धरायचा, सायकल मागच्या चाकावर उभी करायची आणि शेवटी थोडी उचलून हूकात सरकवायची. हूक १५ सेंमी वर गेला की अख्खी सायकल खांद्याच्या उंचीवर पेलावी लागते, आणि मग लोक टांगणंच सोडून देतात.

टायर जिथे टेकतो तिथे काळा डाग पडतोच. दोन्ही ठिकाणी ३ मिमी अ‍ॅक्रिलिक किंवा जुन्या पीव्हीसी मॅटचा तुकडा दुतर्फी टेपने लावून टाका.

जमीन ते छत दाबून बसणाऱ्या खांबाचं: वरचं टोक आरसीसी स्लॅबलाच लागलं पाहिजे. जिप्समच्या फॉल्स सीलिंगखाली लावलात तर सीलिंग फुटेल, खांब सैल होईल आणि दोन सायकली घेऊन आडवा येईल. फॉल्स सीलिंगची पट्टी जिथे संपते तिथून पुढे खांब चालेल, पण मग तो हॉलच्या मध्येच येतो.

हायब्रिड_चौथामजला

छान उलगडा झाला. कॉलम आहे! नेमका त्याच कोपऱ्यात, खिडकीच्या भिंतीला चिकटून. दिसणारी रुंदी २३ सेंमी, पुढे एएसीची भिंत सुरू होते. मग हूक कॉलमच्या मध्यावर?

पाना_पंधरा

नाही. कॉलमचा मध्य बाजूच्या भिंतीपासून साडेअकरा सेंमीवर येतो आणि तुमचं हँडल मध्यापासून ३३ सेंमी पसरतं. हँडल खिडकीच्या भिंतीला अडेल. हूकचा मध्य बाजूच्या भिंतीपासून ३८ सेंमीवर हवा.

गिलावा_आणि_बोल्ट

मग फळीच लावा. ७५ सेंमी लांब, १५ सेंमी रुंद, आडवी. डावं टोक कॉलमवर, ८ मिमीचे दोन अँकर फास्टनर, कॉलमच्या कोपऱ्यापासून ६ सेंमी तरी आत. बाकीची एएसीवर, चार नायलॉन प्लग. ब्लॉक आणि कॉलमच्या सांध्यावर भोक नको, तिथे प्लास्टरखाली जाळी असते आणि पकड काहीच मिळत नाही. कॉलममध्ये भोक पाडताना सळई लागली तर जोर करू नका, ३ सेंमी सरकवा आणि फळीलाही तिथेच नवं भोक पाडा. फास्टनर घालण्याआधी भोकातली धूळ फुंकून काढा. धूळ राहिली की फास्टनर आवळताना नुसता गोल फिरत राहतो. दोन्हीकडे प्लास्टर एका पातळीत नसेल तर फळीमागे पातळ पाचर घाला. फळी वाकवून बोल्ट आवळलेत तर सगळी ओढ प्लगवर येईल.

लावून झाल्यावर फळीला हाताने लटकून, हळूहळू जोर वाढवत बघा. आठ दिवसांनी बोल्ट पुन्हा तपासा.

ओली_चेन

आईच्या सायकलीबद्दल कुणी बोललं नाही. ती टांगू नका. लेडीज फ्रेमला वरचा आडवा दांडा नसल्याने आडव्या ब्रॅकेटवर ती बसतच नाही. सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) ते हँडलच्या स्टेमपर्यंत (हँडल धरणाऱ्या तुकड्यापर्यंत) लावायची जोडदांडी मिळते, पण १७ किलोच्या सायकलीला मी ती लावणार नाही. उभी टांगायला गेलात तर मागच्या चाकावर उभी करताना मडगार्डचं शेपूट जमिनीवर दाबलं जाऊन तुटतं. आणि रोज वापरणाऱ्या माणसाला रोज उचलायला लावू नये.

तिला जमिनीवरचा, चाक आत ढकलायचा स्टँड. पुढचं चाक त्यात घालायचं, कारण बास्केटमुळे हँडल वळून सायकल पडते ते यात थांबतं. घेण्याआधी मडगार्डचा खालचा फ्लॅप जमिनीपासून किती वर आहे ते मोजा. स्टँडची मागची कमान त्याहून उंच असेल तर फ्लॅप अडकतो. हायब्रिडला मात्र असला अरुंद स्टँड वापरू नका. सायकल बाजूला झुकली की कमान डिस्क ब्रेकच्या रोटरवर (चाकाच्या मध्याशी असलेल्या चकतीवर) दाबते, रोटर केसभर वाकला तरी ब्रेक घासत राहतो.

हायब्रिड उभी टांगण्याबद्दल दोन गोष्टी. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये थोडी हवा राहिली असेल तर उभ्या सायकलीत ती जागा सोडून लाइनमध्ये येते आणि लिव्हर मऊ लागतो. खाली उतरवल्यावर निघण्याआधी लिव्हर आठ-दहा वेळा दाबा. तरी मऊच राहिला तर दोष हूकचा नाही, ब्रेक ब्लीड करायला, म्हणजे त्यातली हवा काढायला झालाय.

पावसातून आलात की लगेच टांगू नका. फ्रेमच्या नळ्यांत गेलेलं पाणी उभी केल्यावर सीटपोस्टकडे आणि खालच्या कोपऱ्यांत उतरतं. आधी अर्धा तास जमिनीवर, खाली जुना टॉवेल. चेन पुसून तेलाचे थेंब देऊन मग वर. जुलैत बंद हॉलमध्येसुद्धा कोरडी चेन दोन दिवसांत तांबूस होते. आणि चेनला तेल देताना रोटरवर फडकं टाका, टांगलेल्या सायकलीत मागचा रोटर चेनच्या अगदी जवळ, खालच्या अंगाला असतो, एक थेंब पडला तरी पॅड वाया.

हायब्रिड_चौथामजला

ठरलं: फळी आणि उभा हूक हायब्रिडला, चाकाचा स्टँड आईच्या सायकलीला. फ्लॅप मोजला, जमिनीपासून ११ सेंमी. दुकानात मापपट्टी घेऊनच जातो.